गवळणीचे डॉक्टर

डॉक्टरांना गाठायचं तर घरी जाऊन उपयोग नसे. प्रॅक्टिस सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि घरी ते जेवण्या-झोपण्यापुरते येत. सापडत ते गावामागच्या टेकडीवर, एका दगडापाशी. डोक्याला माकडटोपी, अंगात कोपरांना कातड्याची ठिगळं लावलेला ट्वीडचा कोट, हातात काठी. असा हा किरकोळ बांध्याचा म्हातारा भर वाऱ्यात उभा असे आणि लांबून दगड बघायला आलेल्या एखाद्या बिचाऱ्या इंग्रज कुटुंबाला ठणकावून सांगत असे की तुम्ही गाइडबुकात वाचून आलात ते सगळं थोतांड आहे.

दगड होता मात्र बघण्यासारखा. खाली घागऱ्यासारखा घेरदार पाया, मध्ये कंबर, वर डोकं आणि डोक्यावर आडवा धोंडा. गावातले लोक त्याला मिल्कमेड म्हणत. रविवारी चर्चला न जाता दूध विकायला निघालेल्या एका पोरीला सैतानाने जागच्या जागी दगड करून टाकलं, अशी कथा. डॉक्टर तिला गवळण म्हणत, आणि कथेचं नाव काढलं की खवळत.

"नो डेव्हिल, मॅडम. नो गॉड आयदर. विंड अँड फ्रॉस्ट!" असं त्या कुटुंबाला सुनावून ते माझ्याकडे वळत. "वारा आणि थंडी. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही हिला. पण ह्यांना तेवढ्याने भागत नाही ना. ह्यांना कोणीतरी लागतो!"

वारा आणि थंडी हा त्यांचा रामबाण होता. समोरच्या जोडप्याचा जुना संसार मोडला, तेव्हा मी विचारलं, "काका, असं कसं झालं हो?" तर म्हणाले, "वारा आणि थंडी." माझं प्रमोशन हुकलं तेव्हाही निदान तेच. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता. पण त्यांनी नंतर मुगाची खिचडी करून वर आणून दिली, आणि त्या खिचडीत मीठ नव्हतं, म्हणून राग लांबवता आला नाही.

मी पुण्याहून वर्क परमिटवर आले होते आणि मँचेस्टरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोन हजार चार-पाचचा सुमार. शहरातलं भाडं परवडत होतं, पण घरातल्या इतर मुलींचा गोंगाट परवडत नव्हता. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. 'सुसंस्कृत मराठी व्यक्तीस वरचा मजला भाड्याने देणे आहे. गाणे चालेल. देवघर चालणार नाही.' ऐन गणपतीत असली चिठ्ठी लावणारा माणूस बघायलाच हवा, म्हणून ट्रेनने ह्या गावी गेले.

दारातच मुलाखत झाली. "देव आणलेत का?"

"एक छोटा गणपती आहे."

"कुठे ठेवणार?"

"बॅगेत."

"बॅगेत राहू दे. निर्वासित म्हणून." आणि किल्ली दिली.

गाव तसं मुठीएवढंच. हिंदुस्थानात नोकऱ्या करून परतलेल्या साहेबलोकांनी तिथे म्हातारपणासाठी घरं बांधली होती. फाटकांवर अजून नावं होती, सिमला, ऊटी, पूना लॉज. आमच्या घराचं नाव किर्की व्हिला. आपल्या खडकीला साहेब किर्की म्हणायचा, तीच ही. सगळ्या घरांना पुढे ऐसपैस व्हरांडे, जिथे वर्षातून आठवडाभर बसता आलं तर नशीब. डॉक्टर म्हणत, "आपल्यावर राज्य केलं आणि येताना व्हरांडा घेऊन आले. मग बसले त्यात गारठत. गावातल्या सगळ्यांचे सांधे मी तपासलेत, मला विचार."

त्यांची मराठी त्यांच्याबरोबर बोटीने आली होती आणि नंतर तिने किनारा सोडला नव्हता. चांगल्याला ते 'फक्कड' म्हणत. पुणे स्टेशनाबाहेर टांगे उभे असतात का, असं अधूनमधून विचारत. मी 'असतात' म्हणून सांगत असे. माझं काय जात होतं? मेंढ्यांशी मात्र ते शुद्ध घाटावरच्या शिव्यांत बोलत, आणि मेंढ्या ऐकत.

रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बीण लावून गवळणीकडे बघत. मग "बाई बऱ्या आहेत" असं जाहीर करत आणि कप तोंडाला लावत. चहा झाला की काठी घेऊन निघत. काकू गेल्यापासून हा नेम एकदाच काय तो चुकला होता. एकदा मी विचारलं, "काका, रोज तोच दगड बघून बोअर नाही होत?" ते कप विसळत म्हणाले, "घरात मी विधुर असतो, मुली. वर गेलो की नुसता म्हातारा असतो. बरं वाटतं."

पण ती वाट सार्वजनिक नव्हती, आणि इथेच सगळी गोम होती. टेकडी एका बाईंच्या मालकीची, आणि वाट त्यांच्या शेतातल्या गेटातून. बाई पूना लॉजमधल्या, ते घर बांधणाऱ्या कर्नलची पणती. गुडघ्यापर्यंत गमबूट, मागे कुत्रा, बोलणं मोजकं. डॉक्टर त्यांना कर्नलीण म्हणत. बाई लोकांना आत येऊ देत ते केवळ त्यांच्या मर्जीने. मी यायच्या आदल्या वर्षी कोणा टारगटांनी गवळणीवर स्प्रेने नावं लिहिली, तेव्हा बाईंनी गेटाला साखळी घातली ती कित्येक आठवडे काढली नाही. त्या दिवसांत म्हणे डॉक्टर चर्चच्या अंगणाला फेऱ्या घालत, जेवण अर्धं टाकत, आणि काठी दाराशी तशीच उभी असे. शेवटी पूना लॉजच्या दारात जाऊन विनवण्या करून आले. आयुष्यात कोणापुढे न वाकलेला हा माणूस वाकला. बाईंनी साखळी काढली, पण बजावलं, की पुन्हा एक ठिपका जरी दिसला तरी गेट कायमचं बंद, मग पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावची पंचायत, येऊ दे नाहीतर राणी येऊ दे.

अशा घरात माझी आई सहा महिन्यांच्या व्हिसावर राहायला आली.

आई साताऱ्याकडची, प्राथमिक शाळेत बाई होती. बाबा गेल्यानंतर रिटायर झाली होती आणि फळ्यावाचून तिचे हात शिवशिवत होते. आल्या दिवशी स्टेशनापासून घरापर्यंत तिने गाव नजरेखालून घातलं आणि नापास केलं. "वेशीवर मारुती नाही, आणि गाव म्हणे!"

"म्हणूनच इथे बस वेळेवर येते, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

तिथून दोघांची जी जुंपली ती जुंपली. आईने आपले देव आमच्या वरच्या स्वयंपाकघराच्या फडताळात कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यामागे मांडले आणि दार लावून पूजा करू लागली. डॉक्टरांनी चार दिवस काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी वर येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या कॉर्नफ्लेक्सना चंदनाचा वास येतोय." आई म्हणाली, "चांगली कंपनी आहे." डॉक्टर खाली जाऊन बराच वेळ एकटेच हसत होते, मला जिन्यातून ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवसापासून आईच्या आमटीची वाटी खाली जाऊ लागली आणि डॉक्टरांकडून टीका वर येऊ लागली. गूळ जास्त, चिंच कमी, फोडणी फक्कड.

जानेवारीत ते गारठ्या पावसात वर गेले आणि ताप घेऊन खाली आले. न्यूमोनिया. हॉस्पिटलमध्ये जायला तयार नव्हते. स्वतःच स्वतःला तपासून "किरकोळ आहे" म्हणत होते आणि ओठ निळे पडत चालले होते. आईने शेवटी शाळेतला आवाज काढला. "अंगात कोट घाला. ॲम्ब्युलन्स बोलावलीय." त्यांनी निमूट कोट घातला. पुढचे दिवस वाईट गेले. एकदा तर नर्सने मला बाजूला घेऊन 'इतर नातेवाईक कोणी आहेत का' असं विचारलं. मी नाही म्हणाले. आई त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसून राहायची. ओठ हलताना दिसत, पण काय पुटपुटायची ते मी विचारलं नाही.

डॉक्टर वाचले. घरी आले ते कोटाच्या आत निम्मेच उरले होते. "अँटिबायोटिकने काम केलं," ते आईला बजावून म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. तिच्या 'बरं' मध्ये पुष्कळ काही असतं.

मार्चअखेरीस ते पहिल्यांदा पुन्हा टेकडी चढले. मी मागून चालत होते, पडले तर धरायला. गवळणीपाशी पोचल्यावर त्यांनी तिच्यावर तळवा टेकला आणि दम खात उभे राहिले. वारा आणि थंडीचं नावही काढलं नाही. त्यांना तसं उभं पाहून मलाच रडू आलं.

आईचं परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं. शनिवारची सकाळ. आई लवकर उठून फिरायला गेली होती, मी लोळत होते. एवढ्यात खालून आरोळी आली. "अगं ए! धाव! गवळणीला गोवर निघालाय!"

मी धावले. डॉक्टरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. तपकिरी टेकडीवर करडा दगड, आणि पायापासून माणसाचा हात पोचेल तिथवर तो भगवा-केशरी झालेला. मला दुसऱ्या क्षणी कळलं. पुण्यातला रंग मला न कळून कसं चालेल? मी तशीच वर पळाले. आई सिंकपाशी उभी राहून हात चोळत होती. मनगटापर्यंत दोन्ही हात केशरी.

"आई, काय करून आलीस हे?"

"शेंदूर लावला," ती म्हणाली, कोथिंबीर आणली म्हणावं तशी.

"अगं, शेंदूर आणलास कुठून?"

"तुझ्या त्या ऑफिसातल्या मुलाबरोबर मागवला. पुण्याहून आला ना तो, मेतकुटाबरोबर."

"इथे दगडावर काही लावायला अलाउड नाहीये गं! मी सांगितलं होतं ना तुला, त्या मुलांनी रंग मारला होता तेव्हा काय झालं ते?"

आईने माझ्याकडे फळ्यावर चुकलेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. "तो रंग होता. हा शेंदूर आहे."

तिच्या लेखी एक दगड विटाळणं होतं आणि दुसरं दगडाची काळजी घेणं. एवढा साधा फरक इंग्रजांना कळत नसेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

डॉक्टर माझ्या मागोमाग वर आले होते. त्यांनी आईचे हात पाहिले. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. पण ते जिन्याच्या वरच्या पायरीवर हळूच बसले. "गेलं," म्हणाले. "आता गेट गेलं." ते ऐकून आईच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला. तिला तेव्हा कळलं, आणि तिला ते कळलेलं मला बघवेना.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. कुत्रा भुंकला. "पोलीस का गं?" आईने हात पदराखाली घेतले. पोलीस नव्हते, कर्नलीणबाई होत्या. मला वाटतं, त्यापेक्षा पोलीस परवडले असते.

डॉक्टर उठले, टोपी नीट केली आणि खाली जाऊन दार उघडलं. आम्ही दोघी त्यांच्या मागे.

"तुम्ही पाहिलंत, डॉक्टर?" बाईंनी आत न येताच विचारलं. "कोणी केलंय हे, काही कल्पना?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही?"

"आमच्या धर्मात असतं तसं. दगडात देव मानतात आणि त्याला हा शेंदूर लावतात."

"पण तुम्ही तर देव मानत नाही. मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय तुमचं विंड अँड फ्रॉस्ट."

"मानतो," डॉक्टर म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शरीरातला एखादा अवयव काढून दिल्यासारखा तो शब्द त्यांनी काढून दिला. ज्या वाटेसाठी ते एकदा वाकले होते ती वाट जात होती, आणि तरी आईकडे बोट जाऊ नये म्हणून ते दारात आडवे उभे होते.

बाईंची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून मागे गेली. दाराच्या पांढऱ्या चौकटीवर केशरी बोटं उमटली होती, छोटी, बायकी. मग त्यांनी आईच्या पदराकडे पाहिलं. त्या काही मूर्ख नव्हत्या. "आणि हे लावतात कशासाठी?" त्यांनी थेट आईलाच विचारलं.

"काय म्हणतायत?" आईने मला विचारलं. मी सांगितलं. आईने पदराखालून हात बाहेर काढले.

"सांग त्यांना. मी लावलाय. जानेवारीत हे एवढे आजारी होते. ह्या गावाला राखणारं कोणी नाही, मग मी कोणाला सांगणार? म्हटलं, गवळणबाई, तू वर उभी आहेस, रोज ह्यांना बघतेस. ह्यांना पायांनी चालवत तुझ्यापर्यंत आण, मी तुला शेंदूर लावीन. तिने आणलं. नवस फेडल्याशिवाय मी जाऊ कशी?"

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. डॉक्टरांनाही ही हकीकत तेव्हाच कळत होती. ते आईकडे वळले नाहीत, समोरच्या फाटकाकडे बघत राहिले.

बाईंनी कुत्र्याचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "जानेवारीत मीही काहीतरी केलं होतं," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तिचं एक बरं असतं, ती नंतर घासावी लागत नाही." मग नेहमीच्या कोरड्या आवाजात, "उद्या संध्याकाळपर्यंत साफ झालं पाहिजे. आणि गेटची कडी नीट लावत जा, डॉक्टर. तुमच्यामागून माझ्या मेंढ्या बाहेर पडतात."

गाडी गेली. मग आई मटकन खुर्चीत बसली आणि मी हसत सुटले, इतकी, की डॉक्टरांना मला पाणी आणून द्यावं लागलं. छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पाण्यालासुद्धा चव लागत होती.

दुपारी बादली, ब्रश घेऊन वर गेलो. मी पाणी ओतायला लागले तर डॉक्टर खेकसले. "पाणी नको! पाण्याने हलणार नाही तो. आधी तेल." त्यांनी थर्मासमधून कोमट तेल काढलं, चिंधी बुडवली, आणि खालून वर अशी हलक्या हाताने फिरवायला लागले. शेंदूर सुटायला लागला. मग घरच्या फायरप्लेसमधून आणलेली राख लावली, मग साबण. हात असा सराईत चालला होता की आई ब्रश खाली ठेवून बघत राहिली.

"डॉक्टर, हे हात कुणाचे?" तिने विचारलं.

दगडावरून हात न काढता ते म्हणाले, "गुरवाचे. आमच्या घराण्याकडे मारुतीची पूजा. साचलेल्या शेंदराची जाड खोळ उतरवायची तर वडील मलाच हाताशी घ्यायचे. कॉलेजात गेलो, दोन पुस्तकं वाचली, आणि एका शनिवारी भर देवळात त्यांना म्हणालो की हा नुसता दगड आहे. ते म्हणाले, मला ठाऊक आहे. मी तेवढ्यावर भांडून निघालो ते इकडेच आलो. शेवटचं काही बोलणं झालं नाही." चिंधी पिळून ते पुन्हा कामाला लागले.

दगड निवळत गेला. तेलाचा ओलसर डाग तेवढा राहिला, तो पाऊस नेणार होता. आम्ही सामान आवरायला लागलो तेव्हा आईने पिशवीतून चोरट्यासारखा एक नारळ काढला. "हा राहिलाच फोडायचा. सकाळी धीर झाला नाही. म्हटलं, बाईला टवका गेला तर."

मी डोळे मोठे केले. एवढ्यावर निभावलंय, आता पुरे कर, असं मला म्हणायचं होतं. पण डॉक्टरांनी हात पुढे केला. नारळ कानाशी हलवून पाणी ऐकलं. गवळणीपासून लांब, वाटेकडेला पडलेला एक धोंडा पाहिला, वाकले, आणि एका घावात नारळाची दोन शकलं केली. एक वाटी आईच्या ओंजळीत दिली. दुसरी आपल्या ट्वीडच्या कोटाच्या खिशात टाकली.

"अहो काका, प्रसाद आहे तो. वाटायचा असतो," मी म्हणाले.

"ही प्रसादाची नव्हे," डॉक्टर म्हणाले. "अर्धी वाटी गुरवाची." आणि खिशावर हात दाबून धरून ते पुढे उतरायला लागले. गेटापाशी आम्ही दोघी बाहेर पडेपर्यंत थांबले. मग कडी लावली, आणि लागली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.